तिच्या फॉर्मवर माझा नंबर

१ ऑगस्ट

श्रीमंतमामा म्हणाले, डोकं फिरलं की वहीत खरडत बस, पण प्रिंटरला हात लावायचा नाही. काल मी प्रिंटरला बुक्की घातली. कागद अडकला म्हणून नाही, कागद तर रोजच अडकतो. एक गिऱ्हाईक म्हणालं, "कॉलेज सोडलेला तूच ना रे? मग तुला येतंय का हे?" ट्रे मोडला.

तर ही वही. बीएस्सी कॉम्प्युटरच्या दुसऱ्या वर्षाचं प्रॅक्टिकल जर्नल आहे. पहिली नऊ पानं भरलेली, बाकी कोरी. नऊ पानांनंतर काय झालं ते कळंबच्या कॉलेजात अजून सांगतात. बाहेरून आलेल्या परीक्षकानं सगळ्यांदेखत विचारलं, "हा प्रोग्राम कुणाचा उचललास?" उचलला नव्हता. मी हेच जर्नल त्याच्या टेबलावर आपटलं आणि कपातला चहा त्याच्या शर्टावर गेला. माफी माग म्हणाले. मागितली नाही. तेव्हापासून इथं येरमाळ्यात, स्टँडसमोर, मामांच्या ऑनलाइन सेंटरवर बसतो. सातबारा, दाखले, पीक विमा, भरतीचे फॉर्म.

आज शिवांजली आली होती. माझ्याच वर्गातली. तिनं बीएस्सी पुरी केली आणि आता धाराशिवला एमएस्सी आयटीला नंबर लागलाय. प्रवेशाचा फॉर्म भरायचा होता. मोबाइलच्या रकान्याशी आलो आणि थांबलो.

"नंबर सांग."

"माझं सिम बंद पडलंय रे. आईचा फोन अंगणवाडीत असतो. तुझाच टाक की आत्ता, मागून बदलू."

यात नवीन काही नाही. निम्म्या येरमाळ्याच्या फॉर्मवर माझाच नंबर आहे. म्हाताऱ्यांकडं फोन नसतो, असला तर चार्जिंग नसतं, म्हणून आम्ही सेंटरवाले आपलाच नंबर टाकून मोकळे होतो. लोकांचे ओटीपी दिवसभर माझ्या खिशात वाजतात. पण आज टाकून झाल्यावर परत एकदा वाचलं. वर तिचं पूर्ण नाव आणि खाली माझे दहा आकडे. लग्नपत्रिकेत दोन नावं असतात तशी.

पासवर्डही मीच ठेवला. तिच्या नावाची पहिली तीन इंग्रजी अक्षरं, माझ्या नावाची पहिली तीन, पुढं १२३.

१४ ऑगस्ट

कॉलेजच्या पोर्टलमध्ये शिरायचं म्हटलं की दर वेळी ओटीपी लागतो. म्हणजे दर वेळी तिचा फोन, मैत्रिणीच्या मोबाइलवरून.

"बलभीम, आला का?"

"आला."

"सांग की."

मी हळूहळू सांगतो. दोन आकडे सांगायचे, थांबायचं, मग पुढचे दोन. परवा अकरा सेकंद बोलली, काल चौदा, आज बावीस. आज वर "जेवलास का?" पण विचारलं. त्या वेळी पोर्टल उघडायला वेळ लागत होता, हे मला माहीत आहे. तरी विचारलं ना.

२६ ऑगस्ट

सकाळी साडेसातची कळंब-धाराशिव बस. मी सातलाच शटर वर करतो. मामा खूश आहेत की पोरगं सुधारलं.

आज बस थांबली तर खिडकीत एक जण. दाढी कोरलेली, चष्मा. शेजारच्या सीटवर बॅग ठेवलेली, मागच्या सीटवर रुमाल, त्याच्या मागं एक पुस्तक. शिवांजली चढली, त्यानं बॅग उचलली, ही बसली. रुमालावर निकिता बसली, ती तिच्याच वर्गातली, आमच्याच गल्लीतली. पुस्तकाच्या जागेवर आणखी एक पोरगा. म्हणजे बघा, किती हुशार! एकीला जागा धरायची तर तिघांना धरतो, कुणाला संशय नको म्हणून.

संध्याकाळी निकिताला विचारलं. नाव उत्कर्ष. कळंबचा. वर्गाचा प्रतिनिधी आहे. लॅपटॉप आहे, तो सगळ्यांना वापरायला देतो. "लई चांगलाय," असं निकिता म्हणाली.

चांगलाय म्हणे.

६ सप्टेंबर

शिवांजली झेरॉक्सला आली होती. म्हणाली, "पासवर्ड बदलला मी."

"कामून?"

"लॅबमध्ये सगळ्यांदेखत टाइप करावा लागतो. सरांनी विचारलं, हा बल कोण?"

"मग काय सांगितलंस?"

"सेंटरवाला म्हणून सांगितलं. दुसरं काय सांगू?"

हसत म्हणाली. ती गेल्यावर मी झेरॉक्स मशीनचं झाकण एवढ्या जोरात लावलं की मामा आतून ओरडले, "काय करूलालास रे तिथं?" काही नाही म्हणालो. सेंटरवाला काय करणार?

२० सप्टेंबर

सव्वाअकराला मेसेज आला. नेहमीचा नव्हता. 'मोबाइल क्रमांक बदलण्यासाठी आपला ओटीपी...' म्हणून होता. लगेच तिचा फोन.

"अरे, मी नवीन सिम घेतलं. तुला रोजचा तरास नको. ओटीपी आला का?"

मागून पुरुषाचा आवाज, "दहाच मिनटं चालतो, लवकर विचार त्याला."

त्याला. मला नाव नाही वाटतं.

स्क्रीनवर सहा आकडे दिसत होते. मी म्हणालो, "नाही आला."

"बघ ना नीट."

"बघितलं. टॉवरचं काम चालूय इथं."

परत मेसेज आला, परत मी नाही म्हणालो. शेवटी ती म्हणाली, "राहू दे, बघू नंतर." 'तरास नको' असं म्हणाली, पण मी तरास आहे असं कधी बोललो होतो का? ही सगळी त्याचीच शिकवण.

आयुष्यात मी मारामाऱ्या केल्या, उलट बोललो, पण खोटं फारसं बोललो नव्हतो. इतकं सोपं असतं, हे ठाऊक नव्हतं.

९ ऑक्टोबर

तिची आई, कस्तुराकाकू, आधार अपडेट करायला आल्या होत्या. शिवांजलीचे वडील ती सातवीत असताना गेले. काकू अंगणवाडीत मदतनीस आहेत. थंब लागत नव्हता, बोटं घासलेली. मी ओल्या फडक्यानं पुसून चार वेळा लावून घेतला.

"बलभीमा, तू हायस म्हणून बरंय बाबा. पोरीचे समदे कागद तुझ्यापाशी. भावजींनी एकच वर्स दिलंय. पास झाली तर शिकू दे म्हणत्यात, न्हायतर उजवून टाकायची."

भावजी म्हणजे तिचे चुलते बब्रुवान. घरात त्यांचं चालतं.

मी म्हणालो, "पास होईल की काकू. हुशार आहे."

"तू बी हुशार व्हतास," काकू म्हणाल्या आणि पिशवी घेऊन गेल्या. सगळ्यांनाच बोलायचंय.

२८ ऑक्टोबर

परीक्षेचे फॉर्म सुटलेत. तीन नोव्हेंबर शेवटची तारीख. हाही मेसेज आधी मला आला, मग तिला कळलं.

अकरा बेचाळीसला फोन. सगळा वर्ग लॅबमध्ये बसून फॉर्म भरत होता. मागं हसणं, खुर्च्यांचे आवाज, निकिताचा आवाज. आणि त्याचा. "शिवांजली, तुझं एकटीचंच राहिलंय, आण इकडं, मी बघतो."

मी बघतो म्हणे.

मी म्हणालो, नाही आला. अकरा एकोणपन्नास, नाही आला. बारा वाजून दोन मिनिटं, नाही आला. तीनदा चुकल्यावर पोर्टल दिवसभरासाठी बंद पडलं. मला माहीत होतं तसं होतं ते.

संध्याकाळी तिनं फोन केला, आवाज दमलेला. "माझ्याच मागं कशाला लागलंय हे? प्रॅक्टिकल चालू आहेत, मला वेळ नाही. तूच भरून टाकशील का? नवा पासवर्ड सांगते. फोटो, मार्कमेमो सगळं तुझ्याकडं आहे."

"टाकीन की. मला सांगायचं ना आधी."

"भरशील ना नक्की?"

"नक्की."

आज बरं वाटतंय. उत्कर्षकडं लॅपटॉप असेल, पण कागद माझ्याकडं आहेत.

१ नोव्हेंबर

फॉर्म भरला. विषय पाच, प्रत्येकाचा कोड दोनदा तपासला. फोटो कापून बरोबर मापात बसवला. आईचं नाव कस्तुराबाई, एकही चूक नाही. फक्त शेवटचं 'सादर करा' बटण तेवढं ठेवलंय. ते तिच्यासमोर दाबणार. सोमवारी पाचच्या बसनं उतरली की बोलावीन, खुर्ची देईन, म्हणेन, दाब तुझ्या हातानं. मग बोलेन जे बोलायचंय ते. कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून तीन वर्षं झाली, किती दिवस पोटात ठेवू?

३ नोव्हेंबर

पाचची बस आली. ती नव्हती.

पाच-वीसला मोटारसायकल आली. उत्कर्ष चालवत होता, मधे निकिता, मागं शिवांजली. बस चुकली असेल, म्हणजे असं ते सांगणार. निकिताला मधे बसवलं की झालं, नाही का? समोरच्या हॉटेलपाशी उतरले. तिघांनी चहा सांगितला. तो काहीतरी बोलला आणि ही इतकी हसली की कप बाकावर ठेवावा लागला. माझ्यासमोर अशी कधी हसली नाही.

मग तिनं माझ्याकडं बघितलं. रस्त्यापलीकडून हातानं विचारलं, झालं का?

मी मान हलवली. झालं.

तिनं दोन्ही हात जोडून वर केले, नवस फेडल्यासारखे, आणि परत त्याच्याकडं वळली.

आत आलो. स्क्रीनवर तिचा फॉर्म, खाली हिरवं बटण. मी पोर्टलची खिडकी बंद केली. फोनही बंद केला. मामांना म्हणालो, डोकं दुखतंय.

जे खरं ते लिहितो. वाटलं, पास झाली की ही पुण्याला जाणार, कंपनीत, तिथं असले शंभर उत्कर्ष. नापास झाली तर इथंच राहील. इथंच राहील, एवढंच डोक्यात होतं.

४ नोव्हेंबर

सकाळी सहालाच दुकान उघडून पोर्टल उघडलं. 'अर्ज स्वीकारण्याची मुदत संपली आहे.' दहा वेळा तरी उघडलं असेल. दहा वेळा तेच.

१२ नोव्हेंबर

आठ दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं होतं, पण लिहिलं नाही.

आज हॉल तिकिटं आली. सगळ्यांची आली, तिचं नाही. सकाळपासून तिचे सात फोन. एकही उचलला नाही.

तीनला ती स्वतः आली. कॉलेज अर्धं टाकून. मामा जेवायला गेले होते. खांद्यावरची बॅगही काढली नाही. एक कागद माझ्यासमोर कीबोर्डवर ठेवला. ऑफिसातून काढून आणलेली यादी होती. तारीख, वेळ, माझा नंबर, आणि प्रत्येक ओळीपुढं 'पोहोचला'.

"आमच्या वर्गात हेच शिकवतात," ती म्हणाली. "कुठला मेसेज कधी सुटला, कधी पोहोचला, सगळ्याची नोंद राहते. वीस सप्टेंबर, अकरा पंधरा, पोहोचला. अठ्ठावीस ऑक्टोबर, अकरा बेचाळीस, पोहोचला. अकरा एकोणपन्नास, पोहोचला. बारा दोन, पोहोचला. कुठल्या टॉवरचं काम चालू होतं?"

मी कागद उलटा करून ठेवला.

"आणि फॉर्म? तोही पोर्टलवर दिसतोय. पूर्ण भरलेला, एकही चूक नाही. बटण तेवढं दाबलेलं नाही. विसरलास?"

विसरलो म्हणालो असतो तर तिनं मानलं असतं. ती तशी संधी देत होती, हे मला आत्ता लिहिताना कळतंय. तेव्हा मी म्हणालो, "त्या उत्कर्षला सांग की भरायला."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं, ओरडण्याला मला उत्तर देता येतं. ती ओरडली नाही. मग म्हणाली, "उत्कर्ष? बलभीम, उत्कर्षचा काय संबंध? मला पेपर द्यायचेत."

"देशील की पुढच्या वर्षी."

"पुढचं वर्ष कुणाला आहे? काकांनी सोनारीचं स्थळ ठरवत आणलंय. पेपरला बसले नाही तर फेब्रुवारीत लग्न."

सोनारी! हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. ती इथंच राहील म्हणत होतो मी. परंड्याकडच्या कुठल्या तरी पोराच्या घरी जाऊन ती राहणार, आणि ते मी माझ्या हातानं केलं.

"पोरगा काय करतो?" मी विचारलं.

तिनं कागद उचलला, घडी केली. "तुला अजून हेच विचारायचंय?" म्हणाली आणि गेली.

१३ नोव्हेंबर

मामांना सगळं सांगितलं. वाटलं होतं, कानफटात देतील. त्यांनी शटर अर्धं खाली ओढलं. मग म्हणाले, "लोकं आपल्यापाशी निस्ते कागद देत न्हायीत, भरोसा देत्यात. तू तेवढ्यावरच पाय दिलास. आता जा. तोंड घिऊन जा त्या कॉलेजात, काय म्हणतील ते ऐक. तिथं जर कुणाच्या अंगावर गेलास तर इकडं परत येऊ नगंस."

"बरं मामा. जातो उद्या."

सोनारीचा विचार काही केल्या जात नाही. धाराशिवला गेली तर संध्याकाळच्या बसनं परत तरी येते.

१४ नोव्हेंबर

साडेसातच्याच बसनं गेलो. जागा नव्हती, दारात उभा राहिलो. उत्कर्षनं मला बघून आपली बॅग उचलली, "बस की." नाही बसलो. चाळीस किलोमीटर उभा.

कॉलेजचं ऑफिस. वर्गाचा प्रतिनिधी म्हणून उत्कर्षही बरोबर आला, मागून शिवांजली. बंडप्पा नावाचे म्हातारे क्लार्क आहेत, चष्मा दोरीनं बांधलेला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "सेंटरवाल्यानं लेखी दिलं तर प्राचार्य मॅडम वर विद्यापीठाकडं शिफारस करतील. लिहा, 'तांत्रिक अडचणीमुळं अर्ज सादर होऊ शकला नाही.' सगळे तसंच लिहितात."

मला बरं वाटलं. उत्कर्षनं पेन पुढं केला. शिवांजली दारापाशी उभी होती. म्हणाली, "तांत्रिक नव्हती. काय झालं ते लिहू दे त्याला."

"अगं, काम झाल्याशी मतलब," उत्कर्ष म्हणाला.

"नाही. तांत्रिक म्हटलं की उद्या म्हणतील, पोरीलाच जमलं नाही. आयटी शिकते आणि फॉर्म भरता येत नाही म्हणतील. काका तर पहिले म्हणतील."

मग मी लिहिलं. अर्जावरचा क्रमांक माझा आहे. ओटीपी येत होते, मी येत नाहीत असं सांगितलं. अर्ज पूर्ण भरला आणि जाणूनबुजून सादर केला नाही. यात विद्यार्थिनीची काहीही चूक नाही. लिहिताना कान तापले होते. उत्कर्ष वाचत होता की नाही कोण जाणे, पण तो शेजारीच होता.

बंडप्पांनी वाचलं. "कारण राहिलं. का केलं, ते लागतं."

मी लिहिलं, राग.

त्यांनी चष्मा वर केला. "राग हे कारण चालत नाही. 'वैयक्तिक' लिहा."

राग खोडला, वैयक्तिक लिहिलं, सही केली.

आत मॅडम बोलल्या ते इथं लिहीत नाही. दोन वर्षांपूर्वी याच्या अर्ध्यावर मी टेबल उलटं केलं असतं. आज हात मागं बांधून उभा राहिलो. शेवटी म्हणाल्या, "एका बटणावर तुम्ही त्या मुलीचं वर्ष ठेवलंत. माफी मागा." मागितली. शिवांजलीनं मान हलवली नाही, काही नाही. बाहेर निघून गेली.

परत येताना स्टँडवर उत्कर्ष भेटला. म्हणाला, "तू प्रोग्राम भारी लिहायचास म्हणे. शिवांजली वर्गात सांगत असते, आमच्या बॅचला एक होता, आमच्या सगळ्यांपेक्षा पुढं होता. बाहेरून बीएस्सी पूर्ण कर की गड्या."

मला खिजवतोय. नाहीतर मला सांगायचं त्याला काय कारण?

'होता' म्हणते ती. हे मात्र घरी येईपर्यंत डोक्यातून गेलं नाही.

१७ नोव्हेंबर

परवानगी मिळाली. तिला बसू देणार. मला निकितानं सांगितलं. शिवांजलीनं सांगितलं नाही.

दुपारी दीडला मेसेज. 'आपला क्रमांक या खात्यातून काढण्यात आला आहे.' ऑफिसनंच बदलून टाकला, ओटीपी लागला नाही.

मामांनी नवा नियम केलाय, ज्याचा फॉर्म त्याचाच नंबर. आज एका आजीला तिच्या नातवाचा फोन आणायला परत पाठवलं. मला शिव्या देत गेली. आणि मला आता फॉर्मला हात लावायचा नाही, फक्त झेरॉक्स.

२० नोव्हेंबर

आज तिचा पहिला पेपर. किती वाजता, कुठल्या हॉलमध्ये, आसन क्रमांक काय, काही माहीत नाही. ऑगस्टपासून तिचं सगळं मला तिच्या आधी कळायचं. आज बस गेली तेवढी बघितली. खिडकीत बॅग, रुमाल, पुस्तक होतं तसंच.

दिवसभर झेरॉक्स काढली. दोन पानं उलटी काढली.

पाचच्या बसनं ती उतरली. निकिता पुढं गेली. मी रस्ता ओलांडून गेलो. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. तोंडातून आलं, "पेपर कसा गेला?"

ती थांबली. माझ्या हातातल्या फोनकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"तुला खरंच माहीत नाही?"

"नाही. खरंच नाही."

"मग राहू दे तसंच," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. बॅग सावरली आणि गल्लीत वळली.

रस्त्यावरच्या मोटारी निघून जाईपर्यंत मी तिथंच उभा होतो. मग रस्ता ओलांडून दुकानात आलो.

उत्कर्षला माहीत असेल. तो त्याच हॉलमध्ये असणार.